बाळंतिणीच्या उशाशी पुस्तक असू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा आपला अंक मी लेकीला मांडीवर घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचला. शाळांतली मुलं, कॉलेजचे विद्यार्थी, निवृत्त मंडळींचे वाचनकट्टे, सगळ्यांबद्दल त्यात आलं होतं आणि ते वाचून बरं वाटलं. पण माझ्यासारखीबद्दल एक ओळ नव्हती. बाळंतिणीलाही वाचायचं असतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून हे पत्र. चार दिवस तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. माहेर शिवाजी पेठेत, सासर राजारामपुरीत. जुलैत, ऐन पावसात, मला मुलगी झाली. बारा-तेरा तास कळा सोसून शेवटी सिझेरियन करावं लागलं. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दवाखान्यातून सुटले ती आईकडेच आले.

वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. बाबांचं कार्ड करवीर नगर वाचन मंदिरात होतं आणि रविवारी सकाळी मी त्यांचं बोट धरून जायचे. १८५० साली सुरू झालेलं वाचनालय आहे हे, असं बाबा दर वेळी नव्याने सांगायचे. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला, त्या गावच्या पोरीला पुस्तकाविना करमलं तर नवल, हेही त्यांचंच वाक्य. बाबा आता नाहीत. पण रोज रात्री झोपण्याआधी वीस-पंचवीस पानं, ही त्यांची सवय माझ्यात उतरली. लग्नानंतरही ती सुटली नाही आणि नोकरीतही सुटली नाही. गरोदरपणात तर वाढलीच.

दवाखान्याच्या पिशवीत दुपटी, लंगोट, टोपडी, कुंची यांच्या तळाशी मी वाचनालयाची दोन पुस्तकं ठेवली होती. पाचव्या दिवशी घरी आलो. पिशवी उपसताना ती पुस्तकं आईच्या हाताला लागली. तिने त्यांना पदराने पुसलं, डोक्याला लावलं आणि स्टुलावर चढून कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवून दिलं. म्हणाली, "सव्वा महिना डोळ्याला ताण नाही. मग वाच काय वाचायचं ते." मालीश करायला येणाऱ्या मावशी तिथेच शेगडी पेटवत होत्या. त्यांनी लगेच दुजोरा दिला, "मी चाळीस वर्सं ह्येच करालोय. बाळंतपणात वाचलेल्या बाईचं डोळं म्हातारपणी जातात बघा." कानाला रुमाल, पोटाला पट्टा, बाजेखाली शेगडी, ओवा आणि शेपा टाकून धुरी. मी पडल्या पडल्या कपाटावरच्या त्या दोन पुस्तकांकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी पाचवी पुजली. पाट, त्यावर सुपारी, दिवा. आणि सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन. रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून कागद-पेन ठेवायचं, दिवा विझू द्यायचा नाही. रात्री तीनला लेक दूध पिऊन झोपली, मला काही केल्या झोप लागेना. टाके ओढत होते. बाहेर पाऊस कोसळत होता. दिव्याच्या उजेडात तो पांढरा कागद आणि टोपण काढून ठेवलेलं निळं पेन दिसत होतं. मनात आलं, या खोलीत लिहिणं-वाचणं अपवित्र नाही, उलट पूजेत आहे. ज्या घरात बाळाच्या नशिबासाठी कागद मांडतात, त्याच घरात त्या बाळाच्या आईचं पुस्तक कपाटावर का जातं?

मी श्रद्धेला नावं ठेवत नाही, हे मनापासून सांगते. दुसऱ्या दिवशी तो कागद आईने घडी घालून लेकीच्या उशीखाली ठेवला, तो अजून तिथेच आहे. तो काढावा असं मलाही वाटत नाही.

आणि हेही कबूल करते की पहिले पंधरा दिवस पुस्तक हातात दिलं असतं तरी मी वाचलं नसतं. शिंक आली तरी पोटावर हात दाबून धरावा लागायचा. कुशीवर वळायचं म्हणजे आधी मनाची तयारी. दूध उतरलं त्या दिवशी अंगात कणकण, छाती दगडासारखी. त्या दिवसांत मिळेल ती घटकाभर झोपच घ्यावी, पुस्तक कुठे पळून जात नाही, असं मीही दुसऱ्या बाळंतिणीला सांगेन. दुसऱ्या आठवड्यात दिवेलागणीला कारण नसताना रडू यायचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की पहिल्या दोन आठवड्यांत असं पुष्कळ जणींना होतं, हळूहळू निवळतं. पण त्याहून जास्त दिवस राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना किंवा मनात भलतंसलतं येऊ लागलं, तर लपवायचं नाही, सांगायचं. माझं निवळलं. ज्यांचं निवळत नाही त्यांना पुस्तक पुरणार नाही, डॉक्टरच हवेत. मानसिक आरोग्यासाठी शासनाचा टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तो प्रत्येक बाळंतिणीच्या घरी भिंतीवर लिहून ठेवावा असं मला वाटतं.

माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांनी फोनवर अभिनंदन करताना म्हटलं, "सव्वीस आठवडे रजा! आता वाचा की मनसोक्त." २०१७ साली कायद्यात बदल झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. त्यासाठी ज्यांनी झगडा केला त्यांची मी ऋणी आहे. पण ती सुट्टी नव्हे. त्यातले तीन आठवडे माझे बाळंतपणाआधीच गेले. उरलेल्यात अंग भरून यायचं, बाळाला अंगावर पाजायचं आणि सहा महिने पाण्याचा थेंबही न देता फक्त दुधावर वाढवायचं. नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. माझी लेक एका वेळेला अर्धा तास घ्यायची. म्हणजे दिवसाचे चार ते सहा तास मी एका जागी बसलेली. हात अडकलेले, मान खाली, डोळे मात्र मोकळे.

वाचायला वेळ कुठून काढायचा असं विचारणाऱ्यांना मी हा हिशेब सांगते. वेळ काढावा लागतच नाही, तो तिथे बसलेलाच असतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बाळाकडेच बघावं लागतं. तोंडात नीट धरलंय का, नाक दबत नाही ना, गिळतंय का. ते जमलं की बाळ आपलं आपण पितं आणि आई भिंतीकडे बघत बसते.

भिंतीकडे, किंवा मोबाईलकडे. इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ज्या घरात सव्वा महिना पुस्तक चालत नव्हतं, त्याच घरात मोबाईल सगळ्यांना चालत होता. पुण्याच्या आत्यांचा व्हिडिओ कॉल, बारशाचे फोटो, कुणी पाठवलेले शुभेच्छांचे संदेश, सगळं माझ्या डोळ्यांसमोर धरलं जात होतं. डोळ्याला ताण पडेल असं कुणी म्हटलं नाही. विसाव्या दिवसापासून मी रात्री पाजताना मोबाईल बघायला लागले. एका व्हिडिओत बाळाला अमुक झालं, दुसऱ्यात तमुक राहून गेलं, तिसरीचं बाळ महिन्यात एवढं वाढलं. बघता बघता छातीत धडधडायला लागायचं. मग लेक झोपली तरी मी तिचा श्वास मोजत जागी. पुस्तकाचं पान संपतं तिथे थांबता तरी येतं. मोबाईलला तसं पान नसतं.

अशाच एका रात्री आईला जाग आली. माझ्या तोंडावर मोबाईलचा निळा उजेड पडलेला आणि डोळ्यांत पाणी. ती उठून बसली. मी म्हटलं, "आई, ही भीती बघत बसण्यापेक्षा दोन पानं गोष्टीची वाचली तर काय बिघडेल?" ती बराच वेळ बोलली नाही. लेकीला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी वाचलं होतं गं. तुझ्या वेळंला."

आईचं माहेर राधानगरी तालुक्यातलं. शिक्षण सातवीपर्यंत. माझ्या वेळी ती गावातच बाळंत झाली. अंधारी खोली, एक लहान खिडकी, तीही वारं नको म्हणून बंद. खारीक, डिंक, खसखस, सुंठ असं सामान तालुक्याच्या बाजारातून कागदाच्या पुड्या बांधून यायचं. आजी लाडू करायला पुड्या सोडायची आणि कागद शेगडीत घालायला बाजेजवळ ठेवायची. आई ते कागद उशाखाली सरकवायची. कुठे अर्धी कोर्टाची बातमी, कुठे स्थळांच्या जाहिराती, कुठे एका पदार्थाची कृती. आणि एका कागदावर एक गोष्ट. एक बाई एसटीतून उतरते. दिवस मावळलेला. स्टँडवर तिला न्यायला कुणी आलेलं नसतं. ती ट्रंकेवर बसते आणि समोरून एक माणूस कंदील घेऊन येताना दिसतो. तिथे कागद फाटलेला.

"तो कंदीलवाला तिला न्यायलाच आला असंल का गं?" आईने विचारलं. तीस वर्षांहून जास्त काळ झाला, संपादक महोदय. ती गोष्ट कुठल्या पेपरातली, कुणाची, काही ठाऊक नाही. आईच्या मनात ती बाई अजून स्टँडवर बसलेली आहे.

सकाळी उठून आईने स्टूल घेतलं आणि दोन्ही पुस्तकं खाली काढली.

सव्वा महिना झाल्यावर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंना डोळ्यांचं विचारलंच. आई बरोबर होती, तिच्यासमोर विचारलं. त्या म्हणाल्या, वाचल्याने डोळे जात नाहीत, बाळंतपणात नाही आणि एरवीही नाही. जागरणाने डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात, मग मिटून घ्यायचे. गरोदरपणात आणि नंतर काही दिवस शरीरातल्या बदलांमुळे चष्म्याचा नंबर थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून लगेच नवा चष्मा करायची घाई करू नये. पण डोकं फार ठणकलं, समोरचं धूसर दिसू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर पुस्तकाला दोष देत घरी बसायचं नाही. बाळंतपणानंतरही रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तडक दवाखाना गाठायचा. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटलं. "वाचलीस म्हणून डोकं दुखतंय" असं म्हणून एखादीचं दुखणं अंगावर काढलं गेलं तर ते केवढ्याला पडेल.

घरी येताना रिक्षात आई विचारात होती. म्हणाली, "आमच्या वेळंला त्या धुराने डोळं चुरचुरायचंच की. वर चिमणीचा उजेड." मला ते पटलं. जुन्या बायकांनी उगीच काही सांगितलं नसेल. धूर, अंधार, अंगात रक्त नाही, अशात डोळे लावून बसलेल्या बाईला त्रास होणारच. आणखी एक मला वाटतं. बाळंतिणीने डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं ठरलं की तिला शिवण सांगता येत नाही, तांदूळ निवडायला देता येत नाहीत. सव्वा महिना कुणी काम सांगू नये म्हणून शहाण्या बायांनी घातलेलं ते कुंपण असेल. तसं असेल तर त्या कुंपणाला माझा नमस्कारच आहे. फक्त त्याच्या आत पुस्तकाला जागा असावी.

आता वाचायचं कसं, ते सांगते, कारण मला हे सांगणारं कुणी नव्हतं. जाड पुस्तक उपयोगाचं नाही. बाळाला काखेत हात घालून उचलून उचलून अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखायला लागतं. माझं तर सुजलं होतं. त्यात एका हाताने चारशे पानांची कादंबरी पेलत नाही, आणि टाक्यांवर ती टेकवताही येत नाही. मी कपडे वाळत घालायच्या दोरीवरचे दोन प्लास्टिकचे चिमटे घेतले. मांडीवर लोड, लोडावर लेक, बाजूला उशी उभी करून तिला पुस्तक टेकवलेलं आणि दोन्हीकडची पानं चिमट्यांनी धरलेली. पान उलटायचं असलं की चिमटा काढा, उलटा, परत लावा. पावसाने दुपटी वाळत नव्हती, त्यामुळे दोरीला चिमटे कमी पडायला लागले आणि आई पुस्तकावरचे चिमटे मागायला यायची. कविता सगळ्यात सोयीच्या. एका पाजण्याला एक. पुन्हा पुन्हा तीच वाचली तरी चालते, अर्धवट राहिली तर तोंडात घोळत राहते. त्याखालोखाल जुने दिवाळी अंक. हलके, घडी होणारे, एक कथा एका बैठकीत संपणारी.

रात्री मात्र मी एक नियम पाळला. डोळे मिटायला लागले की पुस्तक बंद, बाळ पाळण्यात. वाचता वाचता बाळाला घेऊन खुर्चीत डुलकी लागणं धोक्याचं आहे, तिथे हयगय नको.

दुपारचं वाचन आईने स्वतःकडे घेतलं. तीनच्या सुमाराला मी पाजायला बसले की ती उंबऱ्यावर बसून आपला पेपर मोठ्याने वाचायची. आधी निधनवार्ता, मग गुळाचे दर, मग पंचगंगेची पातळी. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरच्या कुठल्याही घरात हीच बातमी आधी वाचतात. राजाराम बंधाऱ्यावर आज किती फूट, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला ते आकडे पाठ असतात. आई आकडा वाचून थांबायची, बोटांवर हिशेब करायची, "अजून चार फूट हाय" म्हणायची आणि पुढच्या बातमीकडे वळायची. तिच्या आवाजाने लेक दूध प्यायची थांबून कान टवकारायची. दोन महिन्यांची झाल्यावर तर ती पेपराकडे टक लावून बघायला लागली. एवढ्या लहान बाळांना काळं-पांढरं ठसठशीत चटकन दिसतं म्हणे. आपल्या पहिल्या पानावरच्या मोठ्या मथळ्याकडे ती पापणी न लववता बघायची, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा थेंब गळत असायचा. एकदा तो थेंब अंकावर पडला आणि शाई पसरली. आईने तो कागद रद्दीत टाकला नाही.

आता वाचनालयाचं. घराजवळच्या एका वाचनालयाची मी बारा वर्षांची सभासद आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका वाचनालयाची नाही. कपाटावर अडकलेल्या त्या दोन पुस्तकांची मुदत जुलैतच संपली होती. सप्टेंबरच्या मध्यावर आमचे हे ती परत करायला गेले. बासष्ट दिवस उशीर, दिवसाला एक रुपया, दोन पुस्तकं, एकशे चोवीस रुपये. ते भरले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. यांनी माझ्यासाठी दुसरी पुस्तकं मागितली, तर सांगण्यात आलं की वर्गणीचं नूतनीकरण राहिलंय, सभासदाने स्वतः येऊन सही केल्याशिवाय पुस्तक मिळणार नाही. घरी बाळंतीण आहे असं यांनी सांगितलं. नियम तोच राहिला.

शेवटी मीच गेले. लेक दहा आठवड्यांची. तिला पोटभर पाजलं, आईकडे दिलं, दोन तासांची मुदत. रिक्षा, मग वाचनालयाचा लाकडी जिना, उभा, कठड्याला धरून एकेक पायरी. वर पोहोचले तेव्हा टाक्यांच्या जागी ओढ लागली होती. काउंटरवरच्या वयस्कर काकांनी माझा चेहरा बघून खुर्ची दिली, पाणी दिलं, फॉर्म जागेवर आणून दिला. त्यांना मी दोष देत नाही, नियम त्यांनी केलेला नाही. पण पुस्तकं निवडून होईपर्यंत पाजायची वेळ झाली. आईला बाळाची वेळ झाली की दूध आपोआप सुटतं, ते कुणाला सांगून येत नाही. ओढणी भिजली. दोन्ही पुस्तकं छातीशी धरून मी जिना उतरले. त्या दिवशी मला लाज वाटली नाही, वाईट वाटलं. आजारी सभासदासाठी, परगावी गेलेल्या सभासदासाठी कुणीतरी कधीतरी सवलत मागितली असेल. बाळंतिणीने मागितलीच नसेल, कारण तिचं पुस्तक आधीच कपाटावर गेलेलं असतं.

माझं मागणं फार मोठं नाही. बाळंतीण सभासदाच्या घरच्या कुणालाही, तिची चिठ्ठी घेऊन आल्यास, पुस्तक द्यावं. तीन महिने मुदतवाढ फोनवर मिळावी आणि सही नंतर घ्यावी. जिना चढता न येणाऱ्यांसाठी खाली एक खुर्ची आणि यादी ठेवावी. पुष्कळ वाचनालयं दिवाळी अंकांची योजना चालवतात, ठरावीक रक्कम भरायची आणि सगळे अंक आळीपाळीने वाचायचे. १९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची ही आपली परंपरा बाळंतिणीला किती सोयीची आहे, हे मी वर लिहिलंच आहे. त्या योजनेत अशा सभासदांना दोन दिवसांत अंक परत करायची सक्ती नसावी. आणि मागच्या वर्षांचे जे अंक रद्दीत जातात, ते सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयातल्या बाळंतिणींच्या कक्षात एका फळीवर ठेवता आले तर? तिथे पाच-पाच दिवस बायका पडून असतात, बरोबर आलेली आई किंवा सासू बसून असते. एक वाचेल, दुसरी ऐकेल.

घरच्यांसाठीही सांगायचं आहे. आमच्या लेकीला बाळंतविड्यात अकरा झबली आली, सगळी एकाच मापाची. दोन महिन्यांत ती आखूड झाली. खारीक-खोबरं, बदाम, डिंकाचे लाडू, अळीव, सगळं आलं, प्रेमाने आलं. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने मात्र अळिवाच्या डब्याबरोबर एक पातळसा कवितासंग्रह आणला. "हे तुला, बाळाला नाही," असं म्हणाली. त्या वाक्याने मला किती बळ आलं ते मी लिहू शकत नाही. बाळंतविड्यात आईसाठी एक पुस्तक घालायला काय हरकत आहे? शंभर पानांच्या आतलं, ठळक अक्षरांचं.

आणि वेळ. माझं वाचन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी अर्धा तास बाळाला घेणं, एवढं साधं आहे ते. आमचे हे रोज रात्री नऊला येतात आणि लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरतात, साडेनऊपर्यंत. त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही. पहिल्या दिवशी मी पुस्तक न उघडता नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी चार पानं झाली. सासूबाई भेटायला आल्या होत्या तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीला नवऱ्याकडं देऊन वाचत बसलीया." सासूबाईंनी उत्तर दिलं, "वाचू दे की. आमच्या घरी आल्यावर मी घेणार आहे पोरीला." त्या घरी जायला मी आता मनाने तयार झाले ती त्या वाक्याने.

एक विनंती आपल्याला. कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात ज्या वाचनालयांत बाळंतीण सभासदाच्या घरच्यांना पुस्तक नेता येतं, फोनवर मुदत वाढवून मिळते, त्यांनी आपल्या दैनिकाकडे कळवावं, आणि ती नावं आपण दिवाळीच्या आत छापावीत. दोनच नावं आली तरी छापा. आणि कुणा वाचकाला ती ट्रंकेवर बसलेल्या बाईची आणि कंदील घेऊन येणाऱ्या माणसाची गोष्ट वाचल्याची आठवण असेल, तर शेवट काय होता तेही कळवावं. आई रोज दुपारी तीनला आपला पेपर वाचते.

आपली नियमित वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)